डिकीतली कोंबडी

नॉर्बर्ट कोवालच्या गाडीला कोणी तोंडावर शिव्या घातल्या असत्या, तर त्यानं त्या ऐकून घेतल्या असत्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला ऐकून घ्यायची सवय असते. पण ड्वेन हुकस्ट्रानं शिवी दिली नाही. त्यानं गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली, मडगार्डावरच्या '४५०' या चकचकीत आकड्यांसमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "हं."

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर करतात, तसला तो 'हं' होता. नॉर्बर्टही त्याच्यामागं वाकून बघायला लागला.

"का? काय झालं?"

"काही नाही हो, मिस्टर कोवाल. सुंदर ठेवलीय गाडी," ड्वेन म्हणाला. "कोणीही फसेल."

हा ड्वेन म्हणजे पँथर मंडळाचा नवा सेक्रेटरी. आता पँथर म्हणजे काय, हे आमच्या मिशिगनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी सांगून ठेवतो. सत्तर सालच्या सुमाराची दोन दारांची, लांब नाकाची, अंगापेक्षा इंजिन मोठं अशी ती गाडी. तिच्यात दोन जाती. एक साधी पँथर, जी बेकरीवाल्यानं घेतली, दंतवैद्यानं घेतली, कोणीही घेतली. आणि दुसरी पँथर ४५०, जी शर्यतीत पळायची आणि फार थोडी निघाली. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी. फरक इंजिनाचा, मागच्या जाड स्प्रिंगांचा आणि त्या आकड्यांचा. इंजिन बदलता येतं, स्प्रिंगा बदलता येतात आणि आकडे तर कोणीही विकत आणून चिकटवतं. त्यामुळे कारखान्यानं काढल्या त्याहून जास्त ४५० आज रस्त्यावर आहेत, असं प्रत्येक जाणकार म्हणतो. त्या जाणकाराची स्वतःची गाडी मात्र खरी असते.

नॉर्बर्टचीही खरी होती. म्हणजे विकणाऱ्यानं तसं सांगितलं होतं आणि नॉर्बर्टनं विश्वास ठेवला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा घेतलेली गाडी. त्यानंतर तिला कोणी 'हं' म्हटलं नव्हतं.

ड्वेननं मंडळात नवा नियम आणला होता. ऑगस्टमध्ये जत्रेच्या मैदानावर गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं ओक झाडांची एक रांग आहे आणि पँथर ४५० वाल्यांचा मान म्हणून ती सावली त्यांची. या वर्षीपासून तज्ज्ञानं तपासून खरी ठरवलेली गाडीच ओकखाली. बाकीच्यांनी पश्चिमेच्या कुंपणाला लागायचं, म्हणजे प्लास्टिकचे निळे संडास मांडतात त्यांच्या शेजारी.

तुम्ही म्हणाल, सावलीचं एवढं काय? सावली नव्हे हो. तिथली माणसं. मे महिन्यापासून दर शनिवारी संध्याकाळी हीच मंडळी हार्डवेअरच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत गाड्या लावतात, बॉनेट उघडी टाकतात आणि मागं घडीच्या खुर्च्या मांडून बसतात. बोलतात ते कार्बुरेटरविषयी. घरचं कोणी कुणाला विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. आयरीन गेली त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी नॉर्बर्ट गाडी घेऊन गेला, तेव्हा चौघे जण त्याच्या बॉनेटपाशी येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "ऐकलं." मग चौघांनी आळीपाळीनं त्याच्या इंजिनाचं ऑइल तपासलं. ऑइल बरोबर होतं. ते चौघे पुन्हा आपापल्या खुर्चीत जाऊन बसले. नॉर्बर्टचं सांत्वन करायला त्या गावात इतकं जवळ कोणीच आलं नव्हतं.

मुलगी फीनिक्सला. ती रविवारी फोन करायची. "इकडे फार ऊन आहे, बाबा." "इकडे बरं आहे." एवढ्यात रविवार संपायचा. बाकी आठवडाभर नॉर्बर्ट रेडिओवर बोलणाऱ्यांना उत्तरं द्यायचा. म्हणून ओकखालची ती जागा. तिसऱ्या झाडाखाली त्याची गाडी आणि गाडीमागं दोन खुर्च्या. हिरवी त्याची, पट्ट्यापट्ट्यांची आयरीनची. आयरीन गेल्यावरही तो दोन्ही मांडायचा. कोणी विचारलं, "इथं कोणी बसलंय का?" की म्हणायचा, "येतंय." विचारणारा दुसरीकडे बसायचा. गावात सगळ्यांना माहीत होतं की कोणी येत नाहीये, पण त्याला तसं कोणी बोललं नव्हतं.

गंमत म्हणजे, आयरीनला ही गाडी कधी आवडलीच नाही. ती स्वतः पँथरच्या कारखान्यात होती, गाड्या जोडत नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर. डिकी आणि मागची बाजू तपासायची आणि सगळं ठीक असलं की तेलकट पिवळ्या खडूनं आपली खूण करायची. प्रत्येक तपासनीसाची खूण निराळी असे. कोणी चांदणी काढी, कोणी नुसती फुली. आयरीन कोंबडी काढायची. तिची चित्रकला अशी, की ती कोंबडी आहे हे तिला सांगावं लागे. पण साध्या पँथरचं तपासणी केंद्र वेगळं आणि ४५० चं वेगळं. ४५० च्या केंद्रावर फक्त पुरुष. तिनं तीनदा अर्ज केला. मुकादम म्हणाला, "तिथल्या स्प्रिंगा जड असतात, बाईमाणसाला झेपायच्या नाहीत." आयरीन त्या काळात बापाच्या शेतावर बटाट्याची पोती एकटी उचलायची. हा राग तिनं जन्मभर जपला. आणि नॉर्बर्टनं हौसेनं गाडी आणली ती नेमकी ४५०.

"सगळ्या गावातून हीच मिळाली होय रे तुला?" ती म्हणाली होती. मग जन्मभर गाडीत बसताना दार धरून विचारायची, "बायकांनी बसलेलं चालतं ना ह्यात?" प्रदर्शनात पट्ट्यांच्या खुर्चीवर बसून गाडीकडे पाठ करून विणकाम करायची. पण यायची. एक वर्ष चुकवलं नाही तिनं.

तर नॉर्बर्टनं ठरवलं की गाडी तपासून घ्यायची आणि तो 'हं' ड्वेनच्या घशात घालायचा. ही गोष्ट त्यानं मनातच ठेवायला हवी होती. पण एकट्या माणसाला गुपित राखता येत नाही, कारण राखायला कोणापासून तरी राखावं लागतं. त्यानं ती कुंपणावरून रॉस्कोला सांगितली.

रॉस्को टिबेट्स हा शेजारी. जन्मभर नळ दुरुस्त केले, त्यामुळे जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे पाण्याचाच इलाज.

"तपासनीस येणार? मग गाडी खालून धुतली का?" रॉस्को म्हणाला.

"खालून कशाला?"

"अरे, तो खालीच बघणार! वरून तर आंधळ्यालाही चकाचक दिसते. ह्या लोकांची जात मला विचार. घर तपासायला आले की पहिले सिंकखाली डोकं घालतात. पन्नास वर्षांचा चिखल बघून तो काय म्हणेल? म्हणेल, ह्या माणसाला गाडीची किंमत नाही."

"पण..."

"पण नाही न् बिण नाही. माझं मशीन काढतो. नळाला लावलं की हत्तीचं कातडं सोलून काढतं."

त्यानं मशीन काढलं. गाडी लाकडी उतरत्या फळ्यांवर चढवली. नॉर्बर्टच्या पायांवर, चष्म्यावर आणि शेजारच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पाणी मारून झाल्यावर ते गाडीखालीही लागलं. आधी काळं पाणी आलं, मग तपकिरी आणि शेवटी पिवळं. पिवळसर ओघळ अंगणातून वाहत गटाराकडे गेला.

"बघ, बघ काय घाण निघतेय!" रॉस्को ओरडला.

नॉर्बर्टनं समाधानानं मान डोलावली. तेवढ्यात घरात फोन वाजला. ओहायोचे तज्ज्ञ ऑर्विल पेनिमन बोलत होते. या गृहस्थांविषयी पुढे येईलच. आत्ता एवढंच, की ते स्वतःला 'आम्ही' म्हणायचे.

"आम्ही येऊ," पेनिमन म्हणाले. "एकच सूचना. गाडीला पाणी लावू नका. धूळसुद्धा पुसू नका. कारखान्यातल्या माणसांच्या पिवळ्या खडूच्या खुणा खाली असतात. तोच खरा पुरावा. काही लोक तपासणीआधी गाडी धुतात, मिस्टर कोवाल. अशा लोकांना आम्ही काय म्हणावं?"

"काय म्हणता?" नॉर्बर्टनं विचारलं. त्याच्या विजारीतून चटईवर पाणी गळत होतं.

"आम्ही सभ्य आहोत, म्हणून काही म्हणत नाही."

नॉर्बर्ट बाहेर आला. रॉस्को गाडीखालून पाठीवर सरकत निघाला. "आरशासारखी झाली! भाकरी खावी खाली बसून!"

त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "एवढंच ना? परत काढू. माझ्याकडे खडू आहे, पाइपांवर खुणा करायचा. तुझी आयरीन होतीच की कारखान्यात. ती काय काढायची?"

"कोंबडी."

"मग काढतो कोंबडी. सोपी आहे. गोल काढायचा, चोच..."

"नको," नॉर्बर्ट म्हणाला.

"अरे, कोणाला कळतंय..."

"नको म्हणतोय ना, रॉस्को!" नॉर्बर्टचा आवाज इतका चढला, की शेजारच्या बाई चादरींविषयी बोलायला आल्या होत्या त्या तशाच परत गेल्या. शिवाय ही गाडी ४५०, हिच्यावर आयरीनची कोंबडी कुठून येणार? पण ते त्याला नंतर सुचलं. आधी नुसतं नकोसं वाटलं.

खुणा गेल्या, तर दुसरा पुरावा शोधू या, म्हणून तो राज्याच्या वाहन कार्यालयात गेला. गाडीची पहिली नोंद कशी झाली होती, एवढंच हवं होतं. तिथं यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं. जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी तिथं भेटतंच आणि विचारतं, "सर, अजून आहात?" यात वाईट हेतू नसतो. नॉर्बर्टनं दोघांना आपण असल्याचं सांगितलं.

खिडकीतली मुलगी गोड होती. नखांवर सूर्यफुलं रंगवलेली.

"गाडी दोघांच्या नावावर आहे, सर. जुनी नोंद काढायला दोघांच्या सह्या लागतील."

"ती येऊ शकत नाही."

"काही हरकत नाही. कधी येऊ शकतील त्या?"

प्रश्न इतका साधा होता, की नॉर्बर्टनं खरोखरच विचार केला. मग म्हणाला, "ती वारलीय."

"ओह! सॉरी, सर. मग सोपं आहे. मृत्यूचा दाखला आणा."

तो घरी गेला. दाखला आयरीनच्या शिवणाच्या डब्यात होता, कारण कुठं ठेवायचा हे न सुचून त्यानं तिथंच ठेवला होता. तो घेऊन पुन्हा आला, पुन्हा चिठ्ठी घेतली, पुन्हा बसला. आता खिडकीत दुसरे गृहस्थ होते आणि त्यांना सूर्यफुलं नव्हती.

"आधी मालकीतून बाईंचं नाव कमी करावं लागेल," ते म्हणाले. "मग एकट्याच्या नावानं गाडीचे नवे कागद निघतील, मग तुम्ही एकमेव मालक म्हणून अर्ज करायचा. इथं सही करा, नाव उडवून टाकू."

नॉर्बर्टनं पेन घेतलं. पेनला दोरी बांधलेली होती आणि ती आखूड होती, त्यामुळे वाकावं लागत होतं. तो वाकला, कागद बघितला आणि सरळ झाला.

"राहू द्या."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या तिचं नाव. मला नोंद नको."

"मग इतका वेळ बसलात कशाला?" गृहस्थ म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. घरी येताना नॉर्बर्टनं आपण भावनाविवश वगैरे झालो नसून केवळ दोरी आखूड असल्यामुळे परत आलो, असं स्वतःला पटवलं.

आणि मग एका मंगळवारी पेनिमन आले. उंच, वाळके, पांढरे हातमोजे घातलेले, कपाळावर दिवा बांधलेला. हातात लांब दांडीचा आरसा, खाली वाकावं लागू नये म्हणून. नॉर्बर्टनं सकाळपासून खिम्याचा मोठा वडा भाजून ठेवला होता आणि रूबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरलेला 'पाय' हा भाजका पदार्थही केला होता. घरात पाहुणा जेवायला आयरीनच्या दफनाच्या दिवशी आला होता, त्यानंतर आजच.

पेनिमननी आरसा गाडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "गाडी धुतलीय."

"शेजाऱ्यानं," नॉर्बर्ट म्हणाला. ही माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, तिला इलाज नाही.

"आम्ही काही म्हणत नाही."

मग त्यांनी इंजिन बघितलं. इंजिन खरं होतं. स्प्रिंगा खऱ्या होत्या. आकड्यांची भोकं खरी वाटत होती. दर वेळी पेनिमन 'ठीक' म्हणायचे आणि नॉर्बर्टला ओकची एकेक फांदी आपल्या डोक्यावर परत येताना दिसायची. ड्वेनचा चेहरा कसा होईल, तेही दिसायचं.

"जवळजवळ झालंच," पेनिमन म्हणाले. "आमचं मत गाडीच्या बाजूनं आहे. आता फक्त डिकीच्या तळाचा फोटो."

डिकीत तळाला जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं अस्तर, चिकटवलेला होता, कारखान्यातला. तो कधी कोणी काढला नव्हता. पेनिमननी पातळ सुरीनं कडा सोडवली आणि नमदा हळूहळू गुंडाळत नेला. खाली पत्रा अगदी नव्यासारखा. आणि त्या पत्र्यावर, स्टेपनीच्या खळग्याशेजारी, पिवळ्या खडूनं काहीतरी काढलेलं होतं.

"हे काय?" पेनिमन दिवा जवळ नेत म्हणाले. "बटाटा?"

नॉर्बर्ट डिकीत वाकला. गोल अंग, नको तिथं चोच, दोन काड्या पाय म्हणून. पोटाखाली एक लहानसा ठिपका, बहुधा खडू घसरल्याचा. किराणाच्या यादीच्या कोपऱ्यात, फ्रिजवरच्या चिठ्ठीत, त्याच्या डब्यातल्या रुमालावर हीच त्यानं जन्मभर बघितली होती.

"कोणाचा तरी चावटपणा," पेनिमन म्हणाले. "फोटोत बरं दिसणार नाही." आणि त्यांनी खिशातून बाटली काढून फडक्यावर ओतली.

"हात लावू नका!"

नॉर्बर्टनं त्यांचं मनगट धरलं होतं. पांढऱ्या हातमोज्यावर त्याच्या बोटांचे काळे ठसे उठले. पेनिमनच्या मनगटाला आजवर कोणी असं धरलं नसावं.

"मिस्टर कोवाल?"

"ती कोंबडी आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "माझ्या बायकोनं काढलीय."

आणि मग तो बोलत सुटला. त्याला कळत होतं की थांबायला हवं. पण किती महिन्यांत त्याला कोणी आयरीनविषयी काही विचारलं नव्हतं आणि इथं एक माणूस कपाळावर दिवा लावून ऐकत उभा होता. त्यानं खडू सांगितला, कोंबडी सांगितली, बटाट्याची पोती सांगितली. मुकादम सांगितला. तीन अर्ज सांगितले. "आणि त्या ४५० च्या केंद्रावर तिला एकदाही, एक दिवससुद्धा उभं राहू दिलं नाही हो! शेवटपर्यंत म्हणायची..." इथं येऊन तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

पेनिमनलाही ऐकू आलं होतं. त्यांनी बाटलीचं बूच लावलं.

"म्हणजे तुमच्या पत्नीची खूण फक्त साध्या पँथरवर असायची."

"हो."

"मग ही गाडी..."

"हो."

गॅरेजमध्ये रॉस्कोकडच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. पेनिमननी दिवा विझवला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यांदाच 'आम्ही' विसरले.

"हे बघा, मी काही कोंबड्यांचा तज्ज्ञ नाही. कारखान्यात शेकडो माणसं होती. दुसऱ्या कोणीतरी काढली असेल. तसं तुम्ही म्हणा, मी तसं धरून चालतो. इंजिन आहे, स्प्रिंगा आहेत. गाडी ४५० ठरेल."

म्हणजे सावली होती. तिसरा ओक होता, शनिवारची मंडळी होती, ड्वेनचा पडलेला चेहरा होता. फक्त ही कोंबडी दुसऱ्या कोणाची आहे, एवढं म्हणायचं होतं.

चाळीसएक वर्षं ती या गाडीला टोमणे मारत आली. 'बायकांनी बसलेलं चालतं ना?' आणि गाडी तिच्याच हाताखालून गेलेली. हे तिला सांगायला नॉर्बर्टचा जीव इतका तळमळला, की तो खरोखरच घराच्या दाराकडे वळला. मग पुन्हा गाडीकडे वळला. त्याला ते पिवळं पाणीही आठवलं, गटाराकडे गेलेलं. खाली अजून किती होत्या कोण जाणे.

"दुसऱ्या कोणाची नाही," तो म्हणाला. "आयरीनची आहे. चला, जेवण गार होईल."

पेनिमन जेवले. रूबार्बच्या 'पाय'चे दोन तुकडे खाल्ले आणि आयरीनविषयी तीन प्रश्न विचारले, जे त्यांच्या व्यवसायात बसत नव्हते. जाताना म्हणाले, "आमच्या मते गाडी साधी आहे." आणि फाटकापाशी वळून, "चित्र मात्र अस्सल."

बातमी मंडळात पेनिमनच्या आधी पोचली, कारण रॉस्को कुंपणापाशी होता.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी नॉर्बर्टनं गाडी पश्चिमेच्या कुंपणाला लावली. सावली औषधालाही नव्हती. शेजारी निळ्या संडासांची रांग, त्यांची दारं धाडधाड आपटत होती. मडगार्डावरचे आकडे त्यानं आदल्या आठवड्यात काढून टाकले होते आणि तिथं चार-चार भोकं राहिली होती. सगळ्या मैदानात गाड्यांची बॉनेट उघडी होती. नॉर्बर्टचं बॉनेट बंद आणि डिकी उघडी. गाडी लोकांकडे पाठ करून उभी असल्यासारखी दिसत होती. मागं दोन खुर्च्या.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ओकखाली काही लोक यायचे, काही नाही यायचे. इथं दिवसभरात झाडून सगळे आले. पण ज्याला त्याला घाई असायची, आणि परत जाताना लोक नजर टाळायचे.

दुपारी ओकखालचे ते चौघे आले. इकडे येणं त्यांनाही चुकलं नव्हतं. ते बॉनेटकडे गेले, ते बंद बघून खोळंबले, मग वळसा घालून डिकीपाशी उभे राहिले.

"ऐकलं," एक जण म्हणाला.

चौघांनी डिकीत बघितलं. तिथं तपासण्यासारखं काही सापडेना. शेवटी एकानं स्टेपनीवर अंगठा दाबला. "हवा बरोबर आहे."

"बरोबर आहे," दुसराही दाबून म्हणाला.

मग चौघे सावलीकडे परत गेले. नॉर्बर्ट त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिला. डोक्यावर ऊन होतं, त्यामुळे डोळ्यांना पाणी येत होतं. येऊ द्यावं, असं त्याला वाटलं. पट्ट्यांच्या खुर्चीवर कोणाची तरी कागदी बशी उडून आली होती, ती त्यानं उचलली.

संडासाच्या रांगेत एक म्हातारी काठी टेकत उभी होती. धिप्पाड, गुलाबी टोपी, तोंडानं रांगेतल्या पुढच्या लोकांचा उद्धार चाललेला. "आत जाऊन वर्तमानपत्र वाचतायत की काय मेले!" रांग सरकली तशी ती डिकीसमोर आली. सहज आत बघितलं. काठीवर वाकून पुन्हा बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा तर आयरीनचा बटाटा!"

नॉर्बर्ट उठून उभा राहिला. "कोंबडी आहे ती."

"तुम्हाला कोंबडी म्हणून सांगितलं होय तिनं? अहो, आम्ही शेजारी उभ्या राहायचो, मी आणि ती. आमच्या पाळीतले सगळे तिला बटाटा म्हणून चिडवायचे. पाय फुटलेला बटाटा!" ती टोपी सावरत हसली. मग नॉर्बर्टकडे नीट निरखून बघितलं. "तुम्ही तो मास्तर का? नकाशेवाला?"

"हो. भूगोल."

"फार सांगायची तुमचं. नकाशा हातात असून रस्ता चुकतो म्हणायची." काठीच्या टोकानं तिनं पोटाखालचा ठिपका दाखवला. "हे बघा, अंडंही दिलंय. म्हणजे शुक्रवारची गाडी."

"म्हणजे?"

"शुक्रवारी अंडं काढायची ती. दुसऱ्या दिवशी सुटी ना! सोमवारी बघाल तर नुसती कोंबडी, तीसुद्धा रुसलेली. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून हे त्याला माहीत नव्हतं. आयरीनविषयी नवं काही कळायचं अजून शिल्लक आहे, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो हसायला लागला, आणि मग ते हसणंच राहिलं की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

म्हातारीनं दुखरा पाय बदलला आणि पट्ट्यांच्या खुर्चीकडे बघितलं. "इथं कोणी बसलंय का हो?"

नॉर्बर्टनं तोंड उघडलं. 'येतंय' हा शब्द सवयीनं ओठापर्यंत आला होता. त्यानं खुर्चीवरची धूळ हातानं झटकली.

"नाही," तो म्हणाला. "बसा."

ती कण्हत बसली, काठी आडवी मांडीवर घेतली. "तर एकदा काय झालं, त्या मुकादमाच्या डब्यात आयरीननं..." तेवढ्यात समोरचं निळं दार धाडकन उघडलं आणि रांगेतल्या बाईनं तिला नंबर आल्याची खूण केली.

"तू जा पुढं, पोरी," म्हातारी हात हलवत म्हणाली. "मला वेळ लागेल."